जळगावच्या आडवाटा आणि खिशातला फोन : प्रकल्प नोंदी

१४ मे २०२४

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) रस-पोळीचा आळस आज झटकला आणि कामाला हात घातला. काम असं : जळगावातून निघून हायवे शक्य तितका टाळणाऱ्या सायकलच्या वाटा ठरवायच्या, स्वतः जाऊन तपासायच्या, फोनमध्ये भरायच्या आणि ज्याला हव्या त्याला फाइल द्यायची. सायकलचा वेगळा जीपीएस कुणी विकत घ्यायचा नाही. घरात जो फोन आहे त्यावरच सगळं चाललं पाहिजे.

पहिली यादी : पद्मालय, फरकांडे, ऊनपदेव, मनुदेवी, चांगदेव. हिवाळ्यात जमलं तर तोरणमाळ.

हायवे टाळायचा कारण राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे आपला जुना ६ नंबर. एरंडोलला जायचं म्हणून कुठल्याही नकाशा ॲपला विचारा, ते आधी तिथंच नेऊन उभं करतं. त्याचं सगळं गणित वेळेचं. मोटारीला ते ठीक आहे. बाजूने ट्रेलर गेला की त्याच्या वाऱ्याने सायकलचं हँडल हलतं, हा हिशोब त्या गणितात कुठेच नाही.

मंडळी तीन. मी, माझी भाची, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला, आणि शेजारचे आप्पा, एसटीतून निवृत्त झालेले चालक. आप्पांकडे स्मार्टफोन आहे, पण तो दिवसभर नातवाच्या हातात असतो. सायकल ते चालवत नाहीत. त्यांना घेतलं ते रस्त्यांसाठी.

१९ मे

उन्हाची चाचणी. फोन हँडलवर अडकवला, नकाशा चालू, स्क्रीन पूर्ण उजळ, आणि सकाळी आठनंतर मुद्दामच निघालो. मेहरूणच्या तलावाकडून शिरसोलीच्या रस्त्याला लागलो. पहिला तास काही नाही. मग स्क्रीन आपोआप मंद झाली. उन्हात ती आधीच नीट दिसत नव्हती, आता फक्त स्वतःचा घामेजलेला चेहरा दिसायला लागला. चार्जिंगची वायर लावली तर फोनने चार्जिंग घेणंच थांबवलं आणि गरम झाल्याची सूचना दिली.

यात बिघाड काही नाही. ॲपल आपल्या आयफोनसाठी हवेचं तापमान ० ते ३५ अंश असावं असं सांगते. बाकीच्या फोनांचंही थोड्याफार फरकाने तेच. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो. त्यात काळं कव्हर, वरून ऊन, आतून स्क्रीन आणि प्रोसेसरची उष्णता. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून फोन स्वतःच हात आखडता घेतो. बरंच करतो.

ठरलं ते असं. मे-जूनमध्ये फोन हँडलवर नाही, पुढच्या कापडी पिशवीत सावलीला. स्क्रीन बंद, सूचना फक्त आवाजाने. आणि पहाटे पाचला निघून नऊच्या आत घरी. आप्पांचं म्हणणं, यासाठी चाचणी कशाला, खान्देशात शेतकरी दुसरं काय करतो?

२ जून

ॲप कोणतं, यावर आज दिवस गेला.

सातपुड्याच्या पायथ्याला रेंजचा भरवसा नाही, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवलेला हवा. गुगल मॅप्समध्येही नकाशा उतरवता येतो, पण इंटरनेट नसताना त्यावर मोटारीचाच रस्ता मिळतो, पायी आणि सायकलचा नाही. भारतात २०१७ पासून त्यात दुचाकीचा पर्याय आहे, पण ती दुचाकी पेट्रोलवर चालणारी. म्हणून ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ॲपं घेतली. हा नकाशा लोकांनी मिळून भरलेला, २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला. कुणीही दुरुस्त करू शकतं, कुणीही वापरू शकतं. त्यावरची दोन ॲपं निवडली. ऑरगॅनिक मॅप्स सोपं, कुणाच्याही हातात द्यावं असं. ऑसमँडमध्ये बटणांचं जंगल आहे, पण आपल्याला हवं ते त्यातच आहे : वळण जवळ आलं की स्क्रीन आपोआप उजळते आणि पुन्हा विझते.

महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेशचाही नकाशा उतरवायचा. रावेरकडे, पालकडे गेलं की हद्द केव्हा ओलांडली कळत नाही, आणि दुसऱ्या राज्याचा नकाशा नसेल तर स्क्रीनवर नुसती कोरी जागा.

संध्याकाळी भाचीने आप्पांसमोर फोन विमानाच्या मोडवर टाकला आणि तरी ठिपका आमच्या गल्लीतच दाखवला. आप्पांना हे पटेना. "सिम बंद, नेट बंद, मग याला कळलं कसं?" तिने समजावलं : फोन कुणाला काही विचारत नाही, फक्त ऐकतो. २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह आपली वेळ आणि जागा सांगत फिरतात; किमान चार ऐकू आले की फोन हिशोब मांडतो. रेंज असेल तर उपग्रहांचं वेळापत्रक इंटरनेटवरून झटकन मिळतं, नसेल तर ते उपग्रहाकडूनच घ्यावं लागतं. तिथला वेग सेकंदाला ५० बिट, म्हणून एकेका उपग्रहाच्या माहितीलाच अर्धा मिनिट जातो. नाविक ही भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा, तीही अलीकडचे काही फोन ऐकतात. "म्हणजे घरातूनच ठिपका पक्का करून निघायचं," आप्पा म्हणाले. बरोबर. डेपोतून निघताना डिझेल बघायची सवय.

९ जून

आज आप्पांच्या ओट्यावर पद्मालयची वाट ठरली. ही बैठक सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं काम याच पद्धतीने करायचं आहे.

लॅपटॉपवर ब्राउटर उघडलं. त्यात नकाशावर एकेक ठिकाण टिचकी मारत गेलं की ते मधली वाट सायकलच्या सोयीने जोडतं : कच्चा रस्ता, चढ, वाहतूक यांचा विचार करून. आम्ही जळगाव आणि पद्मालय एवढेच दोन ठिपके दिले. त्याने काढलेली वाट बघून आप्पा हसले. "हा मधला तुकडा रस्ता नाही, नाल्याचा काठ आहे." मग डोळे मिटून सुरू झाले : शिरसोली, मग पाचोऱ्याचा रस्ता सोडायचा, म्हसावद, रेल्वेचं फाटक, गिरणा ओलांडायची, मग चढ सुरू. कुठे शाळा लागते, कुठल्या फाट्यावर चहाची टपरी, कुठे डांबर संपून खडी सुरू होते. गाडी चालवणं सुटून वर्षं झाली, पण माणूस हाताने अदृश्य गिअर टाकत होता. भाची तेवढे ठिपके देत गेली.

म्हसावद शोधताना गंमत. ॲपने आधी शहादा तालुक्यातलं म्हसावद दाखवलं. खान्देशातच दोन म्हसावद, आणि खाली साताऱ्याकडे म्हसवड आहेच. नांदेड टाका, तर मराठवाड्यातलं शहर येतं; धरणगाव तालुक्यात तापीकाठचं नांदेड कुणाच्या गावी नसतं. पिंप्री आणि वडगाव यांची तर मोजदादच नको. त्यावर खुर्द आणि बुद्रुक, आणि नकाशात त्यातलं एक अनेकदा गाळलेलं. म्हणून नियम : गावाचं नाव टाइप करून कुणालाही वाटेला लावायचं नाही. फाइलमध्ये ठिपके जातील, नावं नुसती सोबतीला.

फाइल जीपीएक्स, म्हणजे वाटेचे ठिपके साठवणाऱ्या प्रकारातली. भाचीने इथे एक महत्त्वाचं सांगितलं. "मामा, जीपीएक्समध्ये रूट वेगळा आणि ट्रॅक वेगळा. रूट म्हणजे फक्त वळणाच्या जागा; मधलं प्रत्येक ॲप स्वतःच्या मनाने जोडणार. ट्रॅक म्हणजे पूर्ण रेघ, बारीक बारीक ठिपक्यांची. आपण ट्रॅकच द्यायचा." म्हणजे रूट दिला असता तर आप्पांनी टाळलेला नाल्याचा काठ दुसऱ्याच्या फोनमध्ये पुन्हा उगवला असता.

२३ जून

पद्मालय झालं. पहिला पाऊस पडून गेलेला, सकाळी हवेत गारवा. फोन पिशवीत, आवाज हिंदी. हिंदीतल्या सूचना ऐकत म्हसावदपर्यंत गेलो. आप्पांचं फाटक, आप्पांची शाळा, सगळं जागच्या जागी. टपरी मात्र गेली, तिथे आता मोबाइल रिचार्जचं दुकान आहे.

वरचा चढ दमवतो. देवळात गणपतीच्या दोन मूर्ती आहेत, एक उजव्या सोंडेची, एक डाव्या. समोर कमळांचं तळं. अर्धा तास पायरीवर बसलो.

परतल्यावर पाहिलं तर भाचीच्या फोनवर गेलेल्या वाटेची पूर्ण रेघ उमटलेली, माझ्यावर निम्मीच. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोनच मागे चालू असलेली ॲपं बंद करत असतो; स्क्रीन विझली की ऑसमँडचा गळा धरतो. सेटिंगमध्ये त्या एका ॲपला बॅटरीची बंधनं काढून टाकली. हे प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये वेगळ्या खोपच्यात दडलेलं असतं, म्हणून फाइल देताना माणसासमोर बसून हेही करून द्यायचं.

७ जुलै

फरकांडे, झुलत्या मनोऱ्यांचं. कासोद्याच्या अलीकडे नकाशात एक छान आडवी वाट दिसते, चांगलं अंतर वाचवणारी. आज ती मुद्दाम तपासायला घेतली, पाऊस पडून गेल्यावर कशी असते ते बघायला.

कशी असते? नसते. पहिल्या शे-दोनशे मीटरांत काळ्या मातीने चाक धरलं. खान्देशातली ही कापसाची माती ओली झाली की टायरला थर चढत जातो, मग तो ब्रेकच्या आणि फोर्कच्या फटीत जाऊन बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. ढकलताही येत नाही, उचलावी लागते, आणि उचलायला गेलं तर सायकल दुप्पट जड. बांधावर एक म्हातारे बाबा निंदणीवर नजर ठेवून बसलेले. त्यांनी आमचा तमाशा थोडा वेळ पाहिला आणि म्हणाले, "पानी पडनं ते आठेन बैलगाडी बी जास नही, भाऊ. फिरी जा." मी फोन दाखवला, की यात रस्ता आहे. त्यांनी फोनकडे पाहिलंही नाही. "उन्हायामा शे," म्हणाले.

सगळ्या प्रकल्पाचं सार त्या दोन शब्दांत आलं. नकाशा खोटं बोलत नाही. उन्हाळ्यात तिथं खरंच रस्ता आहे, टणक, सपाट, सायकलला डांबरापेक्षा बरा. पण नकाशाला महिना कळत नाही. उपग्रहाच्या चित्रावरून कुणीतरी घरी बसून ओढलेली रेघ ती, आणि ती चित्रं बहुधा कोरड्या दिवसांतलीच, कारण पावसाळ्यात वर ढग असतात.

म्हणून आजपासून प्रत्येक ठिकाणाच्या दोन फाइली. एक कोरडी, आठ महिन्यांची. एक पावसाळी, लांबची, डांबराची. नावातच तसं लिहायचं.

सायकल धुवायला दोन तास लागले. काडीने माती उकरून काढावी लागते, पाणी मारून निघत नाही.

२१ जुलै

दुरुस्तीची कामं. भाची स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप वापरते. त्यात नकाशावर प्रश्नांचे ठिपके येतात : हा रस्ता कशाचा, डांबर की मुरूम की माती? जागेवर उभं राहून उत्तर दिलं की ते थेट ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जातं. कच्च्या वाटांना तिथे पाच प्रती आहेत, पहिली म्हणजे घट्ट, पाचवी म्हणजे निव्वळ माती. कासोद्याची वाट तिने पाचवीत टाकली. आता ब्राउटरसारखी साधनं तिला आपोआप टाळतील. ऑसमँडच्या फुकट नकाशात बदल दिसायला पुढच्या महिन्याची आवृत्ती यावी लागते.

सगळ्यात मोलाचं काम फरशांचं. नदी-नाल्यावरचे बुटके फरशी पूल, ज्यांवरून पूर आला की पाणी वाहतं. नकाशात ते साधा रस्ता म्हणून असतात. ॲप बिनधास्त सांगतं, सरळ चला. आप्पांना धरून बसवलं आणि कुठली फरशी बुडते, कुठली नाही, हे विचारून घेतलं. त्यांचा एकच नियम, एसटीतला : फरशीचे दगड दिसत नसतील तर गाडी अलीकडेच उभी करायची, मागून कितीही हॉर्न वाजोत. तो नियम फाइलबरोबरच्या चिठ्ठीत शब्दशः घातला.

पावसात फोनचं वेगळं दुखणं. टच स्क्रीनला बोट आणि पाण्याचा थेंब यातला फरक कळत नाही. थेंब पडले की नकाशा आपोआप सरकतो, मोठा होतो, मधेच कुणाला तरी फोन लागतो. महाग पाऊच घेऊन पाहिला, आत वाफ धरते. शेवटी किराणा दुकानातली जाड झिपची पिशवी, आत घडी घातलेला कोरडा रुमाल, आणि स्क्रीन लॉक. वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून आडवी बांधली. बाजारातल्या होल्डरपेक्षा ती धक्का चांगला खाते.

११ ऑगस्ट

नागपंचमीनंतरचा रविवार. घरी कानबाईचा सण, रोट. सायकल नाही, फोन नाही.

२ सप्टेंबर

पोळा. गावोगावचे रस्ते सजलेल्या बैलांनी भरलेले. वाट कुठलीही असो, आज चालतच जावं लागलं. आसोद्यापर्यंत गेलो आणि परत आलो. बहिणाबाईंचं माहेर असलेल्या गावात पोळ्याच्या दिवशी नकाशा काढून उभं राहणं बरंही दिसलं नसतं.

२० ऑक्टोबर

पाऊस थांबला, रस्ते वाळायला लागले. ऊनपदेव. ममुराबाद, विदगावचा तापीवरचा पूल, धानोरा, अडावद आणि तिथून उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी. कडेला केळीच्या बागा, शेतात कापूस फुटलेला. गरम पाण्याच्या झऱ्यात पाय सोडून बसलो. उकाड्याच्या जिल्ह्यात लोक गरम पाण्यासाठी इतक्या लांब येतात, आणि आम्ही तर सायकलने.

आजची खरी तपासणी बॅटरीची. स्क्रीन सतत उजळ ठेवली तर फोन दुपारपर्यंत आडवा होतो. स्क्रीन बंद आणि नुसता आवाज, तर संध्याकाळी घरी येताना निम्मी उरते. जीपीएस बॅटरी खातो अशी सगळ्यांची समजूत आहे. खाते ती स्क्रीन. शिवाय रेंज क्षीण असेल तर फोन टॉवर शोधत शोधत स्वतःला दमवतो; अडावदच्या पुढे विमानाचा मोड लावून टाकला, जीपीएस चालूच राहिला.

पॉवर बँकेच्या आकड्याबद्दलही एकदा लिहून ठेवतो, कारण दुकानदार सांगत नाहीत. डब्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. यूएसबीतून ५ व्होल्टने बाहेर पडताना ते साडेसात हजारांच्या खाली येतं, त्यात रूपांतराची घट, म्हणजे हातात सहा-साडेसहा हजारच. ५,००० च्या फोनला दोनदा नव्हे, साधारण सव्वा ते दीडदा. आणि चार्जिंग चालत्या सायकलवर नाही, सावलीत थांबल्यावर.

येताना अंतर वाचवायला बांधावरून घेतलं आणि बाभळीचे काटे. दोन्ही चाकं. कोरड्या फाइलमध्ये त्या तुकड्यावर काट्यांची खूण घातली. नकाशा बनवणाऱ्या कुठल्याही कंपनीला ही खूण सुचणार नाही.

१७ नोव्हेंबर

प्रचाराचा शेवटचा रविवार. गावोगाव भोंग्यांच्या रिक्षा. कानात सूचना चालू होती, पण उमेदवाराचं नाव एवढं जोरात की फोन डावीकडे म्हणतोय की उजवीकडे ते कळेना.

आवाजाचा प्रश्न यावरून पुन्हा निघाला. दोन्ही कानांत इअरफोन अजिबात नाही, हे आधीपासूनच होतं. कोणत्या एका कानात, यावर आज निर्णय : डाव्या. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो, मागून येणारं वाहन उजव्या अंगाने जातं, तेव्हा तो कान मोकळा हवा. त्याहून बरं म्हणजे इअरफोनच नको, फोन छातीवरच्या खिशात आणि स्पीकर चालू. हिवाळ्याच्या शांत सकाळी एवढं पुरतं.

मोटारवाहनांच्या नियमांत २०२० पासून हातातलं उपकरण फक्त वाट बघण्यासाठी, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, वापरायला मुभा आहे. सायकल त्या नियमांत बसत नाही. पण आमचा नियम त्याहून कडक : चालत्या सायकलवर स्क्रीनला बोट लावायचं नाही. नकाशा बघायचा तर पाय जमिनीवर.

दुपारी आप्पांच्या शेतात भरीत. नव्या हिरव्या वांग्यांचं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, सोबत कळण्याची भाकरी. तिथल्या तिथे चांगदेवची वाटही ठरली, तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत. आप्पा जेवताना जास्त अचूक सांगतात.

८ डिसेंबर

तोरणमाळची तयारी. शहाद्यापर्यंत सायकली गाडीत टाकून, पुढे सायकलने : म्हसावद (हे दुसरं म्हसावद), राणीपूर, मग घाट. एकूण पन्नास-पंचावन्न किलोमीटर, आणि शेवटचा भाग सगळा चढाचा.

चढाचा आकडा तीन ठिकाणी तीन आला. कारण असं की ही साधनं उंची घेतात ती बहुतेक २००० सालच्या अंतराळयानाने केलेल्या रडार मोजणीतून, ज्यात साधारण तीस मीटरच्या चौकटीला एकच उंची. डोंगराच्या कडेने जाणारा रस्ता एका चौकटीत वरचा धरला जातो, पुढच्या चौकटीत दरीतला. रस्ता निमूट चढत असतो आणि कागदावर तो उड्या मारतो; सगळ्या उड्यांची बेरीज करून ॲप आपल्याला घाबरवतं. आकडा सोडून दिला. आप्पा काही वर्षं शहादा आगारात होते. "दुसऱ्या गिअरचा घाट आहे," एवढंच म्हणाले, आणि त्यात जास्त माहिती होती.

रेंज नसेल तिथली सोय : व्हॉट्सॲपवर आठ तासांपर्यंत आपली जागा दाखवत ठेवता येते, पण इंटरनेट असेल तोवरच. म्हणून घरी वेळापत्रक लिहून ठेवायचं, राणीपूरहून एक फोन, वर पोचल्यावर एक. आणि कागदाची चिठ्ठी. वळणं क्रमाने, मोठ्या अक्षरांत, हँडलला चिकटपट्टीने. भाचीला ही चिठ्ठी जुनाट वाटते. मी म्हटलं, हिला चार्जिंग लागत नाही. तिने तरी ती लॅमिनेट करून आणली.

२२ डिसेंबर

पहाटे शहाद्याहून निघालो. थंडी चांगलीच, बोटं आखडलेली. थंडीत बॅटरीही मंदावते, पण खान्देशातली थंडी तेवढी नव्हे. फोन अंगाला चिकटून खिशात, एवढं पुरलं.

राणीपूरपर्यंत फोनची गरज पडली. ऊसतोडीच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, आणि सारखे दिसणारे फाटे. एका फाट्यावर नवी डांबरी सडक झालेली, नकाशात नव्हती. फोन जुन्या वाटेचा आग्रह धरून बसला. फाइलच्या रेघेवर राहिलो, कारण तीच आप्पांची होती. राणीपूरला फोन केला, आप्पांनी उचलला. "आता पुढे काय?" म्हटलं. "पुढे काय म्हणजे? वाट एकच आहे. ते यंत्र ठेव खिशात."

ठेवलं. रेघ मात्र नोंदवत राहू दिली. घाटात एका बाजूला कडा, अर्धं आकाश झाकलेलं. तिथे कमी उपग्रह ऐकू येतात आणि जे संदेश येतात त्यातले काही कड्यावर आपटून उशिरा येतात. परतल्यावर पाहिलं तर सात पायरीच्या वळणांत आमची रेघ दरीतून आणि डोंगराच्या पोटातून गेलेली दिसते. ज्यांना ती फाइल द्यायची त्यांच्यासाठी तो तुकडा हाताने रस्त्यावर बसवावा लागेल.

वर यशवंत तलाव. पाणी स्तब्ध, थंड. मक्याची भाकरी आणि तिखट ठेचा एका घरी मिळाला. बाई पैसे घ्यायला तयार नव्हत्या, मुलाच्या हातात ठेवले. उतरताना फोन कुणीही काढला नाही, दोन्ही हात ब्रेकला लागत होते.

५ जानेवारी २०२५

फाइली वाटायला सुरुवात. व्हॉट्सॲपवर जीपीएक्स कागदपत्र म्हणून जाते. बऱ्याच फोनांत ती उघडताच अक्षरांचा ढीग दिसतो आणि माणूस म्हणतो, फाइल खराब आहे. उघडायची नाही, शेअर करून ऑसमँडकडे द्यायची. याचा छोटा व्हिडिओ भाचीने केला, आवाज आप्पांचा. तो व्हिडिओ फाइलींपेक्षा जास्त फिरतोय.

बाकी कामं. तोरणमाळच्या घाटाचा तुकडा बसवणं. आप्पांनी सांगितलेल्या फरशा नकाशात चढवणं. निम्म्या झाल्या, उरलेल्या भाचीच्या परीक्षेनंतर. चांगदेवची कोरडी फाइल एकदा प्रत्यक्ष चालवून बघणं. मनुदेवीची कोरडी फाइल तयार आहे, पावसाळी मुद्दाम केलेली नाही : आडगावच्या पुढचे नाले जुलैत किती येतात ते आप्पांनाही नक्की आठवत नाही, तेव्हा पाऊस पडला की त्यांना गाडीत बसवून नेऊ.